मनमाड ते लोणार : एका कातळाच्या दोन कथा

मनमाड हे नाव उच्चारले की प्रथम आठवते ते रेल्वे जंक्शन. मुंबईहून भुसावळकडे जाणारा मुख्य मार्ग, अहिल्यानगरवरून दौंडकडे उतरणारा मार्ग आणि छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड असा मराठवाडा ओलांडून सिकंदराबादकडे जाणारा मार्ग येथे एकत्र येतात. हा शेवटचा मार्ग विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मीटरगेज होता. मराठवाड्यातून आलेला माल मनमाडला उतरवून रुंद रुळांवरील वाघिणींत भरावा लागे. व्यापारी कुटुंबांच्या कित्येक पिढ्यांनी मनमाड पाहिले ते असे, फलाटावर, पुढच्या गाडीची वाट पाहत. धान्याची प्रचंड गोदामे, इंधनाच्या टाक्या, गुरुद्वारा आणि बारमाही पाणीटंचाई, एवढीच या शहराची ओळख बहुतेकांच्या मनात असते.

गाडीला विलंब असेल तेव्हा मात्र मान वर करून भोवतालच्या डोंगरांकडे पाहावे. उंच धरलेल्या अंगठ्यासारखा दिसणारा हडबीच्या शेंडीचा सुळका रेल्वेतून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस पडतो. दक्षिणेला अणकाई आणि टणकाई हे जोडकिल्ले उभे आहेत. या डोंगरांचे माथे सपाट आहेत आणि कडे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. भूशास्त्रज्ञ या खडकांना ‘दख्खन ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्दही स्वीडिश भाषेतील ‘जिना’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे.

हा जिना कसा झाला? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला. तो पसरला, थंड झाला आणि त्यावर पुन्हा नवा थर वाहत आला. असे थरावर थर साचून आजच्या महाराष्ट्राचा बहुतेक भाग आणि शेजारच्या राज्यांचे मोठे प्रदेश काळ्या बेसाल्ट खडकाखाली गेले. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला आहे. पुढे पावसाने आणि ओढ्यांनी त्याला कोट्यवधी वर्षे झिजवले. मऊ थर लवकर गेले, कठीण थर मागे राहिले आणि मनमाडभोवतीचे सुळके व पठारे आकारास आली. त्यानंतर कितीतरी काळाने माणसाचा हात या खडकाला लागला. टणकाईच्या कड्यात कोरलेली मध्ययुगीन जैन लेणी हे त्याचे उत्तम उदाहरण होय. तेथील कोरीव द्वारशाखा आणि छतावरील कमळे पाहिली म्हणजे एवढ्या कठीण कातळाने छिन्नीपुढे किती नमते घेतले याचे नवल वाटते.

पावसाने आणि छिन्नीने घडवलेला हा कातळ पूर्वेकडे शेकडो किलोमीटर सलग पसरलेला आहे. त्याच कातळावर एके ठिकाणी तिसऱ्याच शक्तीचा ठसा उमटला आहे. तेथे ना पाऊस कारण झाला, ना माणूस. आकाशातून आलेला एक पाषाण तेथे आदळला आणि जे घडायचे ते काही क्षणांत घडून गेले. ते ठिकाण म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार.

मनमाडहून लोणारला जाणे अवघड नाही. नांदेडकडे जाणारी कोणतीही सोयीची गाडी पकडावी. नगरसोल, रोटेगाव, लासूर, दौलताबाद ही स्थानके मागे टाकत गाडी छत्रपती संभाजीनगरला आणि पुढे जालन्याला पोहोचते. हे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर भरते. बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या बाजारपेठेमुळे जालना अनेक व्यापारी घरांच्या परिचयाचे आहे. तेथून पुढचा प्रवास मोटारीने अथवा एसटीने करावा लागतो. वाटेत राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान असलेले सिंदखेड राजा लागते. तेथील वाड्याचे दर्शन घेऊन पुढे निघाले की काही वेळातच लोणार येते.

लोणार गावात शिरेपर्यंत काही वेगळे आहे असे वाटत नाही. कापूस आणि सोयाबीनची शेते, काळी माती, तुरळक टेकाडे, असा नेहमीचा वऱ्हाडी प्रदेश दिसतो. गावाच्या कडेला जमीन किंचित वर चढू लागते. भोवतालच्या पातळीपेक्षा हा उंचवटा सुमारे २० मीटर आहे. तो चढून माथ्यावर आले की पायांखालची जमीन एकदम संपते. समोर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे, जवळजवळ पूर्ण वर्तुळाकार असे विवर दिसते. त्याची खोली दीडशे मीटरच्या आसपास आहे. उतारावर गर्द झाडी आणि तळाशी हिरवट पाण्याचे गोल सरोवर आहे. पाण्याच्या कडेला झाडीत दडलेली जुनी देवळे आहेत. त्यांपैकी कमळजा देवीच्या देवळात आजही नवरात्रात गर्दी होते.

विवराची कडा नीट न्याहाळली पाहिजे. मनमाडच्या डोंगरांत बेसाल्टचे थर वहीच्या पानांसारखे आडवे आणि सरळ रचलेले दिसतात. लोणारच्या कडेवर तेच थर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कललेले आहेत. काही ठिकाणी तर पान उलटावे तसे ते उलटे झालेले आहेत. हळूहळू खचणारी जमीन आत झुकते. येथे मात्र सर्व काही आतून बाहेर फेकले गेल्याच्या खुणा आहेत. लोककथेनेही हीच गोष्ट आपल्या पद्धतीने सांगितली आहे. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली दडून राहत असे. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन त्याच्या निवाऱ्यावरील झाकण उडवून लावले आणि त्याचा वध केला, असे ती कथा म्हणते. गावातील दैत्यसूदन मंदिर याच कथेचे शिल्परूप आहे.

आता हा आकाशातील पाषाण आला कोठून, हे पाहू. सूर्याभोवती आठ ग्रह फिरतात हे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्याखेरीज असंख्य लहान वस्तूही सूर्याभोवती फिरत असतात. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान खडकाळ व धातुमय तुकड्यांचा एक विस्तीर्ण पट्टा आहे. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यांपैकी पहिला, सेरेस, इटलीतील पालेर्मो येथे जुझेप्पे पियात्सी यांनी १ जानेवारी १८०१ रोजी शोधला. आज १० लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झालेली आहे. तरीही त्या पट्ट्यातील सर्वांचे एकत्रित वस्तुमान आपल्या चंद्राच्या वस्तुमानाच्या तीन-चार टक्क्यांहून अधिक भरत नाही. सूर्यापासून फार दूर, थंड प्रदेशात बर्फ व धुळीचे गोळे आहेत. त्यांतील एखादा सूर्याजवळ आला की त्याचे बर्फ वाफ होऊन पिसारा फुलतो. तो धूमकेतू होय. लघुग्रहांचे व धूमकेतूंचे बारीक कण वातावरणात शिरून जळतात, त्यांना आपण उल्का म्हणतो. जो तुकडा पूर्ण न जळता जमिनीपर्यंत येतो, तो अशनी. असे अशनी २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात पडले होते. अभ्यासकांनी ते गोळा करून त्यांचे पृथक्करण केले.

बहुतेक लघुग्रह आपल्या पट्ट्यात निमूटपणे फिरत राहतात. गुरूच्या गुरुत्वाकर्षणामुळे त्यांपैकी काहींच्या कक्षा बदलतात आणि ते पृथ्वीच्या वाटेजवळ येऊ लागतात. लोणारला आदळलेला पाषाण अशांपैकीच एक असावा. त्याचा व्यास शंभर मीटरच्या आसपास किंवा त्याहून काहीसा कमी असावा, असा अंदाज आहे. मग त्याच्यामुळे त्याच्या कितीतरी पट रुंद विवर कसे पडले? याचे उत्तर वेगात आहे. असे पाषाण सेकंदाला १५-२० किलोमीटर इतक्या वेगाने येतात. मनमाड ते जालना हे अंतर या वेगाने दहा-बारा सेकंदांत पार होईल. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे आदळताक्षणी पाषाणाचा बहुतेक भाग वितळतो अथवा त्याची वाफ होते आणि प्रचंड स्फोटासारखा आघात जमिनीला बसतो.

हे ज्ञान आज सोपे वाटते, पण लोणारचे खरे कारण सिद्ध होण्यास दीडशे वर्षे लागली. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. भोवतालचा सारा खडक ज्वालामुखीजन्य असल्याने हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे मानणे स्वाभाविकच होते. अमेरिकी भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी १८९६ मध्ये ॲरिझोनातील तशाच एका विवराची चर्चा करताना लोणारचा दाखला दिला. परंतु त्यांनीही कारण मानले ते भूगर्भातील वाफेच्या स्फोटाचे.

ॲरिझोनाच्या त्या विवराची एक कथा व्यापारी मंडळींनी अवश्य ऐकावी अशी आहे. डॅनियल बॅरिंजर या खाण-अभियंत्याची खात्री होती की ते विवर आकाशातून पडलेल्या लोहपाषाणाने केले आहे. तो अवाढव्य लोखंडी गोळा तळाशी गाडलेला असणार, असा हिशेब करून त्यांनी १९०३ मध्ये कंपनी काढली आणि खोदकाम सुरू केले. सव्वीस-सत्तावीस वर्षे लाखो डॉलर त्या खड्ड्यात गेले. लोखंडाचा गोळा काही मिळाला नाही. १९२९ मध्ये बॅरिंजर निवर्तले. त्यांचा निष्कर्ष बरोबर होता, पण माल तेथे नव्हता. आघाताच्या वेळी त्याचा बहुतांश वितळून, वाफ होऊन विखुरला होता. पुढे १९६० मध्ये यूजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील खडकात कोएसाइट हे खनिज दाखवून दिले. ते केवळ प्रचंड दाबाखाली तयार होते. आकाशातून पडलेल्या वस्तूचा शोध तिच्या अवशेषांत घेण्याऐवजी तिने खडकावर केलेल्या परिणामांत घ्यावा, हा धडा त्यातून मिळाला.

हाच धडा लोणारला उपयोगी पडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकी शास्त्रज्ञ यांनी विवराच्या तळाशी छिद्रे घेऊन खडकाचे नमुने वर काढले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडले. बेसाल्टमधील एक नेहमीचे खनिज तीव्र आघाताने काचेसारखे होऊन जाते, तेच हे मॅस्केलिनाइट. ज्वालामुखीच्या उद्रेकात एवढा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि लोणार हे आघातविवर असल्याचे मान्य झाले. बेसाल्टमध्ये पडलेली विवरे पृथ्वीवर मोजकीच आहेत आणि त्यांत लोणार सर्वांत सुस्थितीत आहे. चंद्रावर आणि मंगळावर बेसाल्टचे मोठे प्रदेश असल्याने तेथील विवरे समजून घेणारे शास्त्रज्ञ लोणारचा अभ्यास करीत आले आहेत.

एक हिशेब मात्र अद्याप जुळलेला नाही. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे निघाले. वितळून गोठलेल्या खडकातील आर्गॉन वायूच्या मोजणीवर आधारलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तेच वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे सांगितले. दोन्ही आकड्यांत दहापटीहून अधिक अंतर आहे. हा फरक मिटवायचा असेल तर पुरावा जागेवर शिल्लक राहिला पाहिजे. लोणारचा आजचा खरा प्रश्न येथून सुरू होतो.

आघाताने बाहेर फेकलेला मलबा विवराभोवती एक ते दीड किलोमीटरपर्यंत पसरला. पृथ्वीवर आघातविवरे सुमारे दोनशे ओळखली गेली आहेत. भारतात मध्य प्रदेशातील ढाला आणि राजस्थानातील रामगढ यांचाही त्यांत समावेश होतो. परंतु जुन्या विवरांभोवतीचा मलबा बहुधा वाहून गेलेला असतो. लोणारला तो अजून टिकून आहे आणि नेमके त्याच मलब्यावर आजचे गाव, रस्ते आणि शेते उभी आहेत. प्रत्येक नव्या पायाबरोबर, प्रत्येक विहिरीबरोबर त्या नोंदवहीचे एखादे पान फाटते. गावकऱ्यांना दोष देऊन चालणार नाही. त्यांनाही घरे आणि पाणी हवेच. लोणार गाव शतकानुशतके याच विवराच्या आधारे जगत आले आहे.

त्या आधाराचा इतिहासही रोचक आहे. सरोवराचे पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे. कडेच्या धारेचे पाणी मात्र गोडे. या दोन्ही गोष्टींची दखल अकबराच्या काळातील ऐन-ए-अकबरी या ग्रंथानेही घेतली आहे. येथे काच व साबण बनवण्याचा कच्चा माल मिळतो आणि त्यापासून महसूल येतो, असे त्या ग्रंथात नमूद आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की तळाशी साचणारा क्षार गोळा करून त्याची प्रतवारी केली जाई. डल्ला, पापडी, भुस्की अशी त्या मालाची नावे होती. म्हणजे एका लघुग्रहाने पाडलेल्या खड्ड्यावर कित्येक पिढ्यांचा व्यापार चालला होता. घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला त्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

आज तो व्यापार उरलेला नाही, पण पाण्याचे वैशिष्ट्य टिकून आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा देशभर चर्चा झाली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, नांदूर मधमेश्वर, मनमाडच्याच नाशिक जिल्ह्यात आहे, हा एक सुखद योगायोग. परंतु दर्जा मिळाल्याने प्रश्न सुटत नाहीत. गावाचे सांडपाणी सरोवरात उतरणे, उतारावर वेड्या बाभळीचे अतिक्रमण, प्राचीन देवळांची पडझड या गोष्टींसाठी जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेल्या आहेत. सांडपाण्याने पाण्याचा खारेपणा बदलला तर त्यातच जगू शकणारे हे सूक्ष्मजीव टिकणार नाहीत.

एवढ्या जुन्या खड्ड्याची चिंता व्यापारी कुटुंबांनी का करावी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर अलीकडच्या एका घटनेत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे ६० मीटर व्यासाचा एक लघुग्रह आढळला. त्याचे नाव ‘२०२४ वायआर४’. डिसेंबर २०३२ मध्ये तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये सुमारे ३ टक्क्यांवर गेली होती. आदळलाच तर कोठे, याच्या संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाचाही समावेश होता. पुढील काही दिवसांत अधिक निरीक्षणे झाली, कक्षा अचूक ठरली आणि पृथ्वीला असलेला धोका जवळपास शून्यावर आला. विमा उतरवणाऱ्या व्यापाऱ्याला हे गणित नवे नाही. शक्यता अल्प असली तरी नुकसान अपरिमित असेल तर ती जोखीम दुर्लक्षून चालत नाही. एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी बहुतेकांचा पत्ता लागलेला आहे. सर्वाधिक अनोळखी आहेत ते लोणारसारखे विवर पाडू शकणारे लहान पाषाण. १९०८ मध्ये सायबेरियातील तुंगुस्का येथे अशाच आकाराचा एक पाषाण हवेतच फुटला. त्याने सुमारे दोन हजार चौरस किलोमीटरमधील वृक्ष आडवे केले. तेथे विवर पडले नाही, त्यामुळे जमिनीवर खूणही फारशी राहिली नाही. लोणारने ती खूण जपून ठेवली आहे.

याच संदर्भात मनमाडच्या कातळाचाही एक संबंध सांगितला पाहिजे. ज्या काळात येथील लाव्हा वाहत होता, त्याच काळात सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह मेक्सिकोतील युकातान येथे आदळला. डायनोसॉरांच्या विनाशाचे कारण म्हणून आज बहुतेक शास्त्रज्ञ त्या आघाताकडे बोट दाखवतात. काहींच्या मते त्यात दख्खनच्या उद्रेकांचाही वाटा होता. डायनोसॉरांना आकाश वाचता येत नव्हते. माणसाला ते येते. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या ‘डार्ट’ यानाने सुमारे १६० मीटरच्या डिमॉर्फस या लघुचंद्रावर स्वतःला मुद्दाम आदळवून घेतले. त्याचा प्रदक्षिणाकाळ ११ तास ५५ मिनिटे होता. तो सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. एखाद्या खगोलीय वस्तूची वाट माणसाने हेतुपुरस्सर बदलल्याचे हे पहिले उदाहरण होय.

या सर्व ज्ञानाचा पाया लोणारसारख्या मोजक्या जागांवर उभा आहे. आघात कसा होतो, मलबा कोठवर जातो, खडक काय सोसतो, हे प्रत्यक्ष तपासता येते ते येथेच. म्हणून लोणारला जाणाऱ्या कुटुंबांनी दोन गोष्टी पाळाव्यात. विवरावरचा एकही दगड, काचेसारखा चमकणारा एकही खडा आठवण म्हणून घरी आणू नये. घरच्या कपाटात त्याची किंमत शून्य आहे. जागेवर तो पुरावा आहे. दुसरे असे की पाण्यात काही टाकू नये आणि सोबतच्या मुलांनाही ते सांगावे.

पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ जाण्यास उत्तम आहे. सकाळी लवकर पोहोचावे, पायांत घट्ट बूट असावेत आणि तळापर्यंत उतरणार असाल तर पाणी बरोबर ठेवावे. माहितगार वाटाड्या घेतल्यास कडेवरचे उलटलेले थर तो नेमके दाखवतो. वाशीम जिल्ह्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी जाणाऱ्यांना लोणार त्याच यात्रेत जोडता येते. आणि परतीच्या प्रवासात मनमाड जवळ येईल तेव्हा खिडकीतून अणकाई-टणकाईच्या कड्यांतील आडवे थर पुन्हा एकदा पाहावेत. लोणारला उलटलेले पाहिलेले तेच थर येथे अद्याप जागच्या जागी, सरळ उभे आहेत.